थोरला मागं का उभा?

"आणि हा कावळा कुठनं आला?" रूपालीनं पानावर बोट ठेवून विचारलं.

पूर्णिमा डब्यातली भाकरी नुसती कुस्करत होती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्या दोघीच होत्या. कथा दिवाळी अंकाला उद्या द्यायची होती. पूर्णिमाची प्रत्येक कथा आधी रूपाली वाचायची. ही तर रूपालीच्याच समाजातली होती. प्रसेनजीत नावाच्या बौद्ध तरुणाची, त्याचे वडील वारतात त्या दिवसांची.

रूपालीनं आठवण करून दिली. तिचे वडील, अण्णा, गेले तेव्हा पूर्णिमा तिच्या घरी होती. भन्तेंनी वंदना घेतली, माणसं जेवली, गेली. कावळ्याची वाट कुणी बघितली होती? पूर्णिमाला ते सगळं आठवत होतं. तरी तिच्या कथेत प्रसेनजीतच्या घरचे स्मशानात ताटकळत होते आणि पत्र्यावरचा कावळा खाली उतरत नव्हता.

"चुकलं. काढते," ती म्हणाली. वाद घालायचं त्राण नव्हतं. तिचे वडील, आबा, गेल्यापासून कशाचंच नव्हतं. परक्या घरात शिरून लिहिणारी म्हणून तिचं नाव होतं. इचलकरंजीचे यंत्रमागवाले, ऊसतोडीच्या बायका, गगनबावड्याचे धनगर. एवढं कसं जमतं, असं वाचक विचारायचे. कोडोलीचं स्वतःचं घर मात्र एकाही कथेत नव्हतं. तिथं लिहिण्यासारखं काय घडतं, असं ती म्हणायची.

"कावळा काढशील गं. पण ह्यो थोरला लेक हाय न्हवं? मग बायकांच्या मागं का उभा? बाकीची एवढी कबूल करत्यात, आणि ह्यो तोंड का उघडत न्हाय?"

पूर्णिमाला कोडोलीचं स्मशान आठवलं.

आबांच्या रक्षाविसर्जनाला चहा, खारी आणि तंबाखूची पुडी मांडली होती. कावळा पत्र्यावरून हलेना. पूर्णिमा थोरली, पण पुढं उभा होता धाकटा भाऊ उदयसिंह. हात जोडून तो एकेक कबूल करत होता. आईला अंतर देणार नाही. म्हशी विकणार नाही. मळ्याची वाटणी होऊ देणार नाही. ऊन चढलं. आबाचा जीव कशात तरी अडकलाय, असं जुनी माणसं म्हणू लागली. कशात, ते पूर्णिमाला ठाऊक होतं. पण तिला कुणी विचारलं नाही आणि ती बायकांच्या मागंच राहिली. शेवटी नैवेद्य गाईला घातला.

रूपालीनं कागद तिच्यापुढं सरकवले. आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्यावर लिव की. कोण नगं म्हणतंय? पण आमच्या पोराच्या तोंडानं तुझं रडू नगंस. तुझं तू रड."

घंटा झाली. रूपाली वर्गावर गेली. पूर्णिमानं पेन उघडलं. कावळा तसाच ठेवला. प्रसेनजीत हे नाव खोडून वर स्वतःचं लिहिलं. मग त्या थोरलीला बायकांमधनं वाट काढत पुढं आणलं, कावळ्यासमोर उभं केलं आणि तिला बोलू दिलं:

"आबा, 'साऱ्या दुनियेवर लिवतीस, आमच्यावर कवा?' म्हणून इचारत हुतासा न्हवं? लिवलं बघा."