शिवकन्याच्या मागं

आमचं रान दीड एकर. विहिरीकडच्या चार वाफ्यांत माझी बायको शिवकन्या भाजी लावते. कळंबच्या बाजाराला तिला मोटारसायकलवर न्यायचं काम माझं. पण पारावरच्या माझ्या गप्पा आटपेपर्यंत मेथीनं माना टाकलेल्या असायच्या.

तिच्या खात्यावर सरकारचे महिन्याला पंधराशे यायला लागून वर्ष झालं. हल्ली दर बुधवारी ती एकटीच कळंबला जायची. विचारलं की म्हणायची, "काम हाय." पैसे कुठं जातात ते शोधायचंच, असं मी ठरवलं. माझ्या गाडीचा आवाज ती ओळखते, म्हणून तोंडाला टॉवेल गुंडाळून तिच्याच एसटीत मागच्या सीटवर बसलो. स्वतःला मोठा फौजदार समजत होतो.

कळंबला उतरून ती एका मोकळ्या मैदानावर गेली. तिथं तिची मामेबहीण हर्षाली जुनी स्कूटी घेऊन उभी होती. शिवकन्यानं पदर खोचला, किल्ली घेतली आणि मैदानाला दोन चकरा मारल्या. मी लिंबाच्या झाडाआडून बघतच राहिलो. तिसऱ्या चकरेला गाडी थेट माझ्यासमोर येऊन थांबली.

"टॉवेल काढा. एसटीतच वळखलं म्या तुमाला," ती म्हणाली. "पैसे साठवून ही घेतली. आता बाजाराला तुमची वाट बघायची न्हाय."

मी टॉवेल काढला, तशी तिनं स्कूटीच्या मागच्या सीटवर थाप मारली.

 

"माझ्या मागंच यायचंय न्हवं? मग बसा."