एकदाच वापरलेली मडकी

"काकू, माझ्या मडक्यात खडू आहे!"

नऊ वर्षांच्या तेजस्विनीनं मडक्यात हात घालून पांढरा तुकडा बाहेर काढला आणि गच्चीच्या फरशीवर रेघ ओढून पाहिली. रेघ काही उमटेना. तिची बोटं मात्र राखाडी झाली होती. मंजुषानं तुकडा हातात घेतला. चण्याएवढा, हलका, बारीक भोकाभोकांचा. तिनं मडकं उपडं केलं तर तळाची राख चिमूटभर खाली पडली. गळ्याशी लाल फडक्याचा एक धागा चिकटलेला होता. नाशकात जन्म काढलेल्या बाईला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. गावोगावचे लोक आपल्या माणसाच्या अस्थी गोदावरीवर घेऊन येतात, त्या असल्याच मडक्यांतून. तोंडाला लाल फडकं बांधून.

"हात धू. साबणानं. दोनदा धू!" ती ओरडली. मग सगळ्या वीसच्या वीस मुलांना तिनं सरबताच्या नावाखाली खाली घरात पिटाळलं.

मडकी आणून देणारा बारकू जिन्याखाली पोती झटकत होता.

"कुठनं आणलीस ही?"

"ताई, आखाजी चार दिसांवर आली. घरोघर पितरांच्या घागरी भरायच्या. कुंभाराकडं एक मडकं शिल्लक नाय. तुमीच म्हणल्या, कुठूनबी आण, पण उद्या पायजे."

"म्हणून घाटावरची उचललीस? मेलेल्या माणसांची?"

"एकदाच तर वापरत्यात, ताई. तीबी तासभर. अन् धुतली की मी." बारकूचा चेहरा अगदी निरागस होता. मंजुषाला त्याच्या पोत्यांची, त्याच्या हातांची, त्याच्या त्या निरागसपणाचीही शिसारी आली.

तिचा हा पाचवा उन्हाळी छंदवर्ग. शाळेचा निकाल लागला, की कॉलनीतल्या आया पोरं आणून तिच्या गच्चीवर ओतायच्या. "यांना कुठंतरी गुंतवा हो, घरात जीव खातात," असं म्हणून मागे वळूनही न बघता पळायच्या. आपलीच पोरं, पण महिनाभर डोळ्यांपुढे नकोत. मंजुषाला या आयांचा मनापासून तिटकारा होता आणि त्यांच्याशिवाय तिचं चालतही नव्हतं. उद्या संध्याकाळी वारली चित्रांच्या मडक्यांचं प्रदर्शन होतं. घरोघर निमंत्रणं गेली होती. खरं सांगितलं असतं, तर पुढच्या मे महिन्यात तिच्या गच्चीवर चिटपाखरू फिरकलं नसतं. लोकांनी पोरांना आंघोळी घातल्या असत्या, आणि तिच्या नावानंही केल्या असत्या.

मुलं घरी गेल्यावर तिनं गच्चीचं दार लावून घेतलं. नाकाला पदर बांधून एकेक मडकं फिनेलनं घासलं. दोनांत आणखी तुकडे निघाले. ते तिनं कागदात बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि टाकताना आपण काय करतोय याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. मडक्यांना बाहेरून गेरू फासला. सकाळी मुलांनी त्यावर पांढऱ्या रंगानं नाचणारी माणसं काढली.

संध्याकाळी आया नटूनथटून आल्या. "अगं बाई, कित्ती गोड!" "आमचं मडकं हॉलमध्ये, टीव्हीवर ठेवणार." कुणी त्यात मनीप्लांट लावणार होती, कुणी मुलाच्या खाऊची गोळ्या-बिस्किटं भरणार होती. मंजुषा हसत होती. हसताना तिला स्वतःच्या दातांचीही किळस येत होती.

तेजस्विनीचे आईवडील कामावर, म्हणून मखमलाबादेहून तिची आजी आली होती. नवसाबाई. शेतातली फुलं रोज घाटावर नेऊन विकणारी. नातीनं मडकं तिच्या हातात दिलं. नवसाबाईनं चित्राकडे बघितलंच नाही. मडकं फिरवलं, गळ्यावरून अंगठा फिरवला, आत वाकून वास घेतला. मग मान वर करून तिनं सरळ मंजुषाकडे पाहिलं.

टेबलावरचा तांब्या उचलून तिनं मडक्यात पाणी ओतलं. मडक्यातलं पाणी पेल्यात घेतलं आणि पेला पुढे धरला.

"बाई, मडक्यातलं पाणी ग्वाड लागतं. घ्या. आधी तुमी प्या, मंग पोरीला देते."

सगळ्या आया कौतुकानं बघू लागल्या. मंजुषाला कळून चुकलं, की म्हातारीला सगळं ठाऊक आहे. "नको" एवढा एकच शब्द बोलायचा होता. मग कुणीतरी "का हो?" विचारलं असतं, आणि सगळं आपोआप बाहेर पडलं असतं. शब्द तोंडापर्यंत आलाही. पण समोर एकोणीस आया उभ्या होत्या, पुढच्या वर्षीच्या.

तिनं पेला घेतला. पाण्याला फिनेलचा वास होता, मातीचा होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी. शेवटच्या थेंबापर्यंत ती प्यायली. वर "वा, काय गार आहे!" म्हणाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

नवसाबाईनं उरलेलं पाणी गच्चीच्या कोपऱ्यात ओतलं. मडकं तिथंच उपडं ठेवलं आणि रडवेल्या नातीचा हात धरला. जाता जाता ती मंजुषाच्या अगदी जवळ आली आणि तिच्यापुरतंच बोलली.

"राखंची किळस नाय मला, बाई. चाळीस वरसं तिच्याशेजारी बसून फुलं इकली. तुमी नको म्हणाल, म्हणून पेला पुढं केला व्हता. प्यालात, तवा तुमची आली."