नमुना म्हणून

इलोइलो शहरातली जोवेलिन आजारी मुलांच्या पालकांच्या ऑनलाइन फोरमवर प्रश्न विचारायची, तिथली जुनी सदस्य रोसवीताई लगेच उत्तर द्यायची. जोवेलिनचा छोटा मुलगा आंदोय जेवेना तेव्हा लुगावात, म्हणजे तांदळाच्या पेजेत, आलं किसून घालायला ताईनंच सांगितलं. आंदोय गेला, तेही जोवेलिननं तिलाच कळवलं. तीन महिन्यांनी ताईच्या ब्लॉगवर तिला लेख दिसला: ‘फोरमवरून वाचक कसे मिळवावेत’. ‘आधी महिनाभर धीर द्या, मगच लिंक द्या,’ या सल्ल्याखाली नमुना म्हणून जोवेलिनचेच निरोप होते. तिनं फोन लावला. “ताई, माझं पोर तुला नमुना वाटलं?” “रागावू नकोस गं! नावं बदललीत ना? वाचक दुप्पट झाले!” लेखाखाली कुणीतरी विचारलं होतं, “बाळ आता कसंय?” ताईचं उत्तर होतं, “ठणठणीत!” जोवेलिननं खाली लिहिलं, “मी त्याची आई. तो नोव्हेंबरात गेला.” दहा मिनिटांत ते पुसलं गेलं. तिनं पुन्हा लिहिलं.