बांधावरचं गुंतवळ

"कुंदे, सलूनवाल्याकडचे केस दुसऱ्यांनीच नेले. आता हरणं हरभरा ठेवत नाहीत!" नवरा वैतागला. माणसाच्या केसांचा वास आला, की हरणं शेतात शिरत नाहीत.

कुंदाला कोनाडा आठवला. महिन्याभरापूर्वी वारलेल्या सासूबाई विंचरून निघालेलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून तिथे ठेवायच्या. "केस उघड्यावर टाकू नयेत गं. टाकायचेच तर आधी त्यांवर थुंकावं," असं बजावायच्या.

संध्याकाळी तिने ते पांढरे केस सोडवून बांधावर पसरले. थुंकायचं राहूनच गेलं.

सकाळी नवरा शेतातून हसत आला. "एका घाट्याला तोंड लागलेलं नाही! बांधापासूनच उधळली हरणं. पण केस कुठे गेले गं?"

कुंदाने कोनाड्यात हात घातला. गुंतवळ होतं, तसंच गुंडाळलेलं.

त्यावरची थुंकी अजून वाळली नव्हती.