गोधडीचा उघडा कोपरा

भट्टीतून निघालेल्या याही चौकोनी ताटलीचा तोच कोपरा फुटलेला पाहून चारुताने ती आधीच्या फुटक्या ताटल्यांवर ठेवली.

मातीकामाच्या प्रदर्शनासाठी काही सुचेना, म्हणून तिने वारलेल्या आईची अर्धवट राहिलेली गोधडी बाहेर काढली होती. ओल्या मातीवर दाबली की आईचे बारीक टाके जसेच्या तसे उमटायचे. पण जिथे आईची सुई थांबली होती, तो कोपरा भट्टीत टिकतच नव्हता.

भेटायला आलेल्या मावशीने गोधडीचा तो उघडा कोपरा चाचपला. "अगं, ह्यात भाकरीचा तुकडा घालायचा राहिलाय. त्याबिगर गोधडी मिटवत न्हाईत. उपाशी हाय ही."

चारुताला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिने वाळक्या भाकरीचा तुकडा आत सारून कोपरा स्वतः शिवला. सुईची सवय नसलेल्या हाताचे लांब, वेडेवाकडे टाके पडले. नव्या ताटलीच्या मातीवर तेच उमटले.

या वेळी ताटली अख्खी निघाली. चारुताने कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि ताटली उजेडात धरली.

तिचे वेडेवाकडे टाके तिथे नव्हतेच. तिथे आता बारीक टाके होते, आईच्या हातचे.