सहा गोण्या वाळू

“दहा विरुद्ध दोन!” मार्लिसने कॉफीचा मग टेबलावर आपटला. “पिकअप विकायची!”

रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी चर्चच्या तळघरात कॉफीवर तुटून पडली होती. तिचा नवरा आर्विड तेवढा खाली मान घालून कंबर चोळत होता. महिनाभर त्याची कंबर धरली होती. मार्लिसचीही धरली होती. शेकायची पिशवी घरात एकच, त्यामुळे रोज तिच्यावरून भांडण. दोष मात्र दोघंही चर्चच्या बाकांना द्यायचे.

पैज साधी होती. दोन्ही गाड्या महिनाभर सारख्याच पळवायच्या. जी जास्त पेट्रोल वाचवेल ती राहणार, दुसरी विकायची. मार्लिसची डबीएवढी गाडी गॅलनला तीस मैल द्यायची, ती चाळीसवर गेली. आर्विडची अवाढव्य पिकअप दहावरून रडतखडत बारावर आली. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून आमच्या मिनेसोटात सगळेच पिकअपच्या मागे वाळूच्या गोण्या टाकतात. बर्फ वितळल्यावर त्याने त्या काढल्या होत्या. शिवाय गाडी इतकी हळू हाकली की शाळेच्या बसही हॉर्न मारत पुढे जायच्या. तरी दोनच! याच पिकअपमधून त्याने दोन्ही मुली जन्मल्यावर घरी आणल्या होत्या. ती परक्याच्या दारात उभी राहणार या विचाराने त्याला रडू येत होतं.

“थांबा जरा,” व्हर्ना म्हणाली. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली ही शेजारीण पैजेची पंच होती. तिने लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे ओढलं. “एक वडी म्हणजे एक गॅलन. तळ्यावर जाऊन येऊन साठ मैल. पिकअप आधी सहा वड्या खायची, आता पाच खाते. वाचली एक. मार्लिस, तुझी गाडी दोन खायची, आता दीड. वाचली अर्धी.”

“अगं, पण मी दहाने वाढले!”

“वाढलीस ना. पण जी मुळात खातच नाही, ती वाचवणार कुठून?”

व्हर्नाने अख्खी वडी आर्विडपुढे ठेवली, अर्धी मार्लिसपुढे. आर्विड आनंदाने उडी मारून उठला, कळवळला आणि खाली बसला. वडी तोंडाशी नेली, पण चावली नाही. त्याने ती परत ताटात ठेवली.

“मी लबाडी केली,” तो पुटपुटला. “पिकअपमधल्या सहाही गोण्या पहिल्याच दिवशी तुझ्या डिकीत टाकल्या. म्हणजे माझी गाडी हलकी, तुझी जड. मार्लिस, वीक पिकअप.”

मार्लिसने शांतपणे आपली अर्धी वडी संपवली, बोटं पुसली.

“ठाऊक आहे मला. त्याच संध्याकाळी मी त्या परत तुझ्या पिकअपमध्ये टाकल्या. मासेमारीच्या ताडपत्रीखाली. वाळू वाहून जिंकलायस, गाढवा.”

आर्विडने आ वासला. “सहाही गोण्या? तू एकटीने?”

“मग माझी कंबर कशाने धरली, बाकाने?”