भिंतीवरची धमकी

दुकानाच्या भिंतीवर तिसऱ्यांदा तीच धमकी होती: ‘एकटी आहेस, लक्षात ठेव.’ काळा रंग, वेडीवाकडी अक्षरं. सकाळीच निम्मं गाव टेलरबाईच्या दारात जमलं होतं. मदतीला म्हणाल तर एक नाही, सगळे नुसते बघे.

तिचा भाऊ तावातावाने बोलत होता. त्याला काळजी कसली, बहीण एकदाची उजवली की सुटलो, एवढंच! पेंटरने कधीची मागणी घातली आहे, त्याला हो म्हण आणि दुकानाला कुलूप लाव, असं त्याने चारचौघांत सांगून टाकलं. वहिनीने मान डोलावली. तिला तेवढंच येतं.

आणि तो पेंटर! गावभर दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा गडी पहिल्या धमकीपासून छाती काढून फिरत होता. तिला घरी सोडायला हा, दुकानासमोर पहाऱ्याला हा. आधीच्या दोन्ही वेळी भिंतीला घाईघाईने चुना फासला, तोही यानेच. काय तो रुबाब! आताही सापडला तर हातपाय तोडीन म्हणत होता. बायका कौतुकाने बघत होत्या.

दुकान गेलं तर जन्मभर कुणाच्या तरी जिवावर जगावं लागणार, हे टेलरबाईला पक्कं ठाऊक होतं. चुन्याची बादली यायच्या आत ती ओला फडका घेऊन स्वतःच पुसायला वाकली, आणि थबकली.

अक्षरं दारुड्याची वाटावीत अशी, पण सगळी एका ओळीत बसलेली. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या खडूची बारीक रेघ. दोरीला खडू चोळायचा, ती भिंतीवर ताणायची, टिचकी मारायची आणि मग त्या रेघेवर लिहायचं. तिच्या दुकानाची पाटीही पेंटरने अशीच आखून रंगवली होती. अक्षर बदलायची अक्कल होती, हाताची सवय काही सुटली नाही. आखून धमकी देणारा शहाणा!

तिने रेघेवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. पेंटरचा चेहरा खर्रकन उतरला. तो जवळ येऊन पुटपुटला, “तुझ्यावर जीव आहे म्हणून केलं. घाबरली नसतीस तर मला कधी हो म्हणाली असतीस?”

“पहिली धमकी दिसली त्या सकाळी मी तुला हो सांगायलाच निघाले होते,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “माझ्यापायी तुझ्या जिवाला धोका नको, म्हणून थांबले.”